सहा पॅक म्हणजे सहा मिक्स नव्हेत

दिवाळी पहाट, नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, लग्नातल्या संगीत रजनी अशा कार्यक्रमांना जे भाड्याने इन-इअर (स्टेजवर आपलं गाणं-वाजवणं कानात ऐकवणारे इअरफोन) घेतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एका साउंडवाल्याने आमच्याकडून सहा मिक्सचे, म्हणजे प्रत्येकाच्या कानात त्याला हवे ते आवाज हव्या त्या प्रमाणात सोडण्याचे, पैसे ठरवून घेतले आणि सहाही जणांच्या कानात एकच मिक्स सोडला. ही लबाडी कुठे लपवतात ते एकदा कळलं की पकडायला पाच मिनिटं लागत नाहीत.

आम्ही सहा जण: दोन गायक, तबला, ढोलकी, गिटार, आणि कीबोर्डवर मी. उघडं मैदान, पहाटेचा कार्यक्रम, अर्धी गाणी ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेलं संगीत) आणि क्लिकवर (लय धरायला कानात वाजणारी टकटक). साउंडवाल्याच्या कोटेशनवर होतं, 'वायरलेस इन-इअर ६ नग, प्रत्येकाला स्वतंत्र मिक्स'. दर नगामागे, निम्मी रक्कम आगाऊ. रात्री साउंड चेक करू म्हणाला, मग 'दादा, गाडी दुसऱ्या कार्यक्रमाला अडकलीय' असा फोन. यंत्रांचा रॅक आला तो पहाटे, खुर्च्या भरायला लागल्यावर. हा उशीर मुद्दाम केलेला होता असं माझं ठाम मत आहे, कारण वेळ असता तर त्याचं बिंग तिथेच फुटलं असतं.

पहिलंच गाणं विनाठेक्याच्या आलापाने सुरू होणार होतं आणि गायिकेच्या कानात टकटक क्लिक वाजत होता. क्लिक फक्त तबला-ढोलकीला हवा होता. तिच्या कानातला बंद करायला सांगितला तर तबलेवाल्या काकांचाही गेला. काकांनी ढोलकी वाढवायला सांगितली तर गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना. इंजिनिअरचं एकच पालुपद, 'रेंजचा प्रॉब्लेम आहे, आणि तुमच्या लोकांना इन-इअरची सवय नाही.' चाळीस वर्षं तबला वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकवलं, याचा राग अजून जात नाही.

मध्यंतरात मी सगळ्यांचे पॅक (कमरेला लावायचे रिसीव्हर) हातात घेऊन पाहिले. सहाही पडद्यांवर तोच ग्रुप, तोच चॅनल, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी. रॅकमध्ये अँटेना लावलेले चार डबे चमकत होते. त्यातले तीन वायरलेस माइकचे रिसीव्हर होते. इन-इअरचा ट्रान्समिटर फक्त एक.

खरी गोम इथेच आहे. मिक्स ट्रान्समिटरमधून जातो, कमरेचा पॅक तो फक्त पकडतो. एका ट्रान्समिटरच्या फ्रिक्वेन्सीवर कितीही पॅक लावा, सगळ्यांना तेच ऐकू येणार. शुअर पीएसएम ३०० सारख्या सिस्टिमवर मिक्समोड (पॅकवरून डाव्या-उजव्या इनपुटचं प्रमाण निवडायची सोय) वापरून डावा-उजवा इनपुट वेगळा ठेवला, तर एका ट्रान्समिटरवर दोघांना दोन वेगळे मोनो मिक्स देता येतात. त्यापुढे नाही. म्हणजे सहा स्वतंत्र मिक्सना कमीत कमी तीन ट्रान्समिटर, आणि स्टीरिओ हवं असेल तर सहा. कन्सोल (मिक्सर) कमी पडला असंही म्हणायला जागा नव्हती. समोर बेरिंजर एक्स३२ होता, त्यावर १६ मिक्स बस (वेगवेगळे मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा) असतात. चार रिव्हर्ब-डिलेसारख्या इफेक्ट्सना दिल्या तरी बारा उरतात, सहा जणांना स्टीरिओला (प्रत्येकी दोन) पुरेशा. त्याने वापरली होती एकच.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते कानांचं. स्वतःचा आवाज सापडेना म्हणून गायिका पॅकचा व्हॉल्यूम वाढवत गेली, आणि त्याच वेळी कोणीतरी मागितलं म्हणून इंजिनिअरने ढोलकी उचलली. ती थेट तिच्या कानात आदळली. कार्यक्रमानंतर बराच वेळ तिच्या कानात शिटी वाजत होती. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. कानाच्या पडद्याजवळच्या इअरफोनला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. म्हणून पॅकमधला लिमिटर (आवाज ठराविक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) चालू आहे ना, हे कानात घालण्याआधी विचारा.

हिशेबाला बसलो तेव्हा साउंडवाला म्हणाला, 'तुम्ही सहा मागितले, सहा दिले.' कोटेशनमधली 'स्वतंत्र मिक्स' ही ओळ दाखवली, तर आयोजकांना मध्ये घातलं. त्यांचं सालाबादचं काम त्याच्याकडेच, त्यामुळे तेही 'मिटवून टाका' म्हणाले. उरलेली रक्कम आम्ही दिली नाही. आगाऊ दिलेली मात्र बुडाली.

आता कोटेशनवर पॅकशेजारी ट्रान्समिटरची संख्या लिहून घेतो आणि बाकी रक्कम साउंड चेक झाल्यावरच देतो. तपासायचं कसं, तर एकाच्या कानातला क्लिक पूर्ण बंद करायला सांगायचं आणि बाकीच्यांपैकी ज्यांचा क्लिक गेला त्यांना हात वर करायला लावायचं. कुणाचाही क्लिक सोबत गेला तर तो मिक्स स्वतंत्र नाही. शिवाय बसून वाजवणाऱ्यांना वायरलेस लागतच नाही. तबला, ढोलकी, कीबोर्ड यांना बेरिंजर पी२ सारखा छोटा वायरवाला अॅम्प्लिफायर पुरतो, आवाज तुटत नाही आणि भाडंही कमी पडतं. उभे राहणारे तिघेच उरतात. त्यांच्यासाठी तीन ट्रान्समिटर मागा आणि रॅकवर बोट ठेवून मोजून घ्या.