तयार इंजिनाच्या घाईत स्वतःचा ब्लॉक घालवून बसलो

पिकअपच्या इंजिनाचं काम करायला मेस्त्रींनी पंधरा दिवस मागितले होते. तेवढा धीर मी धरला नाही.

माझी पिकअप जयसिंगपूरहून वाशी मार्केटला भाजी नेते. अडीच लाख किलोमीटर झाल्यावर इंजिन ऑइल खायला लागलं, चढाला दम सोडायला लागलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मेस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून चारही बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतात ती ब्लॉकमधली भोकं, डायल गेजनं मोजले. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा. "ब्लॉक कंपनीचा तसाच आहे, एकदाही बोअर मारलेला नाही. 0.50 ओव्हरसाइजमध्ये साफ होईल. क्रँक ग्राइंड करू, हेडचं प्रेशर टेस्ट करू. पंधरा दिवस गाडी सोड." म्हणजे बोअर अर्धा मिलिमीटर मोठा कापून तेवढे मोठे पिस्टन टाकायचे, आणि पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकचा दांडा घासून नीट करायचा. खर्च साधारण 75,000.

बँकेचा हप्ता तोंडावर होता. तेवढ्यात एका ओळखीच्या ड्रायव्हरनं तयार इंजिनं विकणाऱ्याचा पत्ता दिला. गेलो तर रंग मारलेली इंजिनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर 'कंपनी रिबिल्ट'चा स्टिकर. "दादा, आज जुनं टाका, परवा गाडी रोडवर." जुनं इंजिन जमा करायचं आणि वर 90,000 द्यायचे, वॉरंटी सहा महिने. इंजिन नंबरचं विचारलं तर म्हणाला, "ते आमच्यावर सोडा." आरटीओचे कागद तो करून देणार, असं मी समजलो. पावती कच्ची होती, तीही घेतली.

चार हजार किलोमीटरही धड झाले नाहीत. वाशीहून रिकामे क्रेट घेऊन येताना खंबाटकी घाटात निळा धूर सुटला. वर पोचून गाडी उभी केली, तर गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत होता. विकणाऱ्याला फोन केला. "ऑइल बदला, चालवत राहा." दुसऱ्यांदा उचलला नाही.

पुन्हा मेस्त्रींकडेच गेलो. त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवला. तळाला चंदेरी चुरा. मेन बेअरिंग तांब्यापर्यंत घासलेलं, आणि क्रँकला ब्लॉकशी धरून ठेवणाऱ्या मेन कॅपांपैकी एक दुसऱ्याच ब्लॉकची. कॅप बसवून मगच ब्लॉकला लाइन बोअर मारतात, म्हणजे क्रँकची सगळी भोकं एका रेषेत कापतात, त्यामुळे एका ब्लॉकची कॅप दुसऱ्याला चालत नाही. एकदम पन्नास इंजिनं खोलून भाग एकाच ढिगात टाकले की असं होतं. पिस्टनच्या डोक्यावर 1.00 लिहिलेलं, म्हणजे बोअरची शेवटची साइज. आता स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत नवी नळी, टाकल्याशिवाय तो ब्लॉक वापरता येणार नाही. बोअर कापल्यावर होनिंगच्या दगडानं भिंतीवर मारतात त्या तिरक्या रेघा कुठंच नव्हत्या, नुसता पॉलिश पेपर फिरवलेला. असल्या गुळगुळीत भिंतीवर ऑइल धरत नाही आणि पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी दिसली. नंबरची जागा ग्राइंडरनं घासून त्यावर माझ्या आरसीवरचा नंबर ठोकला होता. माझी गाडी आठ वर्षांच्या पुढची, दरवर्षी पासिंगला जाते. तिथं हे सापडलं असतं तर चोरीच्या इंजिनाचा संशय माझ्यावर आला असता. इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत रीतसर चढवायचा असतो, ठोकायचा नसतो.

वॉरंटीसाठी स्वतः गेलो. "चेंबर खोललात, सील तुटलं." माझा ब्लॉक परत मागितला. "तो गेला."

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची अधिकृत रिमॅन्युफॅक्चर्ड इंजिनं येतात, त्यांना मी नाव ठेवत नाही. पण तयार इंजिन घेणार असाल तर आधी चेंबर उतरवून दाखवायला सांगा. बोअरची आणि क्रँकची साइज पक्क्या बिलावर लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर तिथून उठा. गावातला मेस्त्रीसुद्धा डोळे झाकून धरू नका. मोजमाप तुमच्यासमोर करतो का, आणि बोअर मारण्याआधी नवे पिस्टन हातात घेऊन मोजतो का, ते बघा. आणि तुमचा ब्लॉक दुरुस्त होण्यासारखा असेल तर बदलीत देऊ नका. मी तीनदा बोअर मारता आला असता असा ब्लॉक दिला आणि संपलेला घेतला, वर 90,000 मोजून.

आरटीओत आणि पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. माझ्या नंबरचा खरा ब्लॉक कुठल्या गाडीत बसलाय, ते अजून मला माहीत नाही.