मांजराचं खाणं आठ महिने काट्यावर: काय टिकलं, काय बाजूला पडलं

वापरात तीन वस्तू आहेत. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तान्ह्या बाळाचं वजन करायचा सपाट काटा आणि वेळ लावून दाणे सोडणारा ऑटोमॅटिक फीडर. निकाल आधीच सांगून टाकतो: पहिला काटा रोज लागतो, दुसरा आठवड्यातून एकदा, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले तो फीडर आता पहाटेच्या एका खाण्यापुरता उरलाय.

आधी वाटी होती. कोरड्या दाण्यांसोबत मिळणारा प्लॅस्टिकचा कपही तसाच. एकाच कपाने, एकाच पिशवीतून दहा वेळा दाणे काढून प्रत्येक वेळी वजन करून पाहा. कप आपटून भरला, दाणे वर थोडे टेकडीसारखे राहिले, पिशवीच्या तळाचा चुरा आला, की प्रत्येक वेळी आकडा वेगळा. शिवाय दाण्यांचा आकार बदलला की तोच कप वेगळं वजन देतो. आणि चूक लहान दिसली तरी मांजरही लहान आहे. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ६७ ग्रॅम लागत असतील, तर वर पडलेले ७ ग्रॅम म्हणजे दहा टक्के जास्त. ७ ग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत दोनदा येतील एवढे दाणे. सगळा कारभार अंदाजपंचे.

काट्याची एक खोड पहिल्याच आठवड्यात कळते. रिकामी वाटी ठेवून शून्य केलं आणि चारचार दाणे हळूहळू टाकत गेलं, तर काटा काही वेळा हलतच नाही. स्वस्त काटे शून्याजवळचा बारीक फरक स्वतःच 'दुरुस्त' करून गिळून टाकतात. उपाय सोपा आहे: दाणे एकदम टाकायचे, जास्त झाले तर काढायचे. किंवा उलटं मोजायचं, म्हणजे भरलेला डबा काट्यावर ठेवून शून्य करायचं आणि डब्यातून काढत जायचं. उणे आकडा म्हणजे काढलेलं वजन. काटा कडक, सपाट जागेवरच हवा. ओट्यावर कापड पसरून त्यावर ठेवला की तळाचे पाय टेकत नाहीत आणि आकडा भरकटतो. महिन्यातून एकदा सिरिंजने १०० मिली पाणी मोजून काट्यावर घालावं. ९८ ते १०२ दाखवत असेल तर चालू द्या.

रोज सकाळी दिवसभराचे दाणे एकदाच मोजून झाकणाच्या डब्यात काढायचे आणि प्रत्येक वेळचं खाणं त्यातूनच द्यायचं. दिवसातून चार वेळा मोजलं तर १ ग्रॅमची चूकही चार वेळा होते. डब्याचा आणखी एक फायदा म्हणजे डबा रिकामा झाला की वाद संपतो. 'याला कोणी दिलं का रे?' हा प्रश्न घरात उरत नाही.

आता मुद्द्याचं, किती ग्रॅम? पिशवीवरचा तक्ता सुरुवातीला ठीक आहे, पण तो सरसकट असतो आणि घरात बसून राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला बहुतेकदा जास्त पडतो. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, तिथेच बरीच मांजरं सुटतात. पशुवैद्यक वापरतात ते गणित साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजन किलोत घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला वजनाने गुणा, पुन्हा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. ४ किलोसाठी: २, मग ८, मग २.८३, शेवटी १९८ किलोकॅलरी. ही नुसत्या विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजरासाठी तिला १.२ ने गुणायचं, म्हणजे २३८ च्या आसपास.

दाण्यांत किती कॅलरी आहेत ते पिशवीवर छापलेलं असेल तर उत्तम. नसेल तर टक्केवारीवरून काढता येतं. प्रथिनं ३४, स्निग्ध १४, ओलावा ८, तंतू ४, राख (म्हणजे खनिजं) ७.५ असेल, तर १०० मधून हे सगळं वजा करून उरलेले ३२.५ कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने, स्निग्ध ८.५ ने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅमला ३५२ किलोकॅलरी. २३८ भागिले ३.५२, म्हणजे ६७ ते ६८ ग्रॅम. दुसऱ्या कंपनीची पिशवी आणली की हा भागाकार पुन्हा करायचा. ग्रॅम तेच ठेवून पिशवी बदलणं ही मोजून देणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

ओलं खाणं सोबत देत असाल तर अदलाबदल ग्रॅमला ग्रॅम होत नाही. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. १०० ग्रॅमला ८० किलोकॅलरी असलेलं ८५ ग्रॅमचं पाऊच म्हणजे ६८ किलोकॅलरी, म्हणजे वरच्या दाण्यांचे १९ ग्रॅम. पाऊच दिलं त्या दिवशी डब्यातून १९ ग्रॅम कमी. हे न केल्याने 'मोजून देतो तरी वाढतंय' अशी तक्रार सुरू होते. ट्रीटही याच हिशोबात, दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. लपून ट्रीट देणारी माणसंही तशीच.

एवढं करूनही आलेला आकडा फक्त सुरुवातीचा असतो. सारख्याच वजनाच्या दोन मांजरांची गरज बरीच वेगळी निघू शकते. खरा निकाल आठवड्याचं वजन देतं, आणि म्हणून दुसरा काटा. माणसाच्या काट्यावर मांजराला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. पण तो काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने बोलतो आणि ६ किलोच्या मांजराचं आठवड्यातलं योग्य घटणं असतं ३० ते ६० ग्रॅम. तो फरक त्या काट्याला दिसणारच नाही. बाळाचा काटा ५ किंवा १० ग्रॅमच्या टप्प्याचा आणि आकडा धरून ठेवण्याची सोय असलेला घ्यावा. त्यावर मांजराच्या आवडीचं खोकं ठेवून शून्य करायचं आणि वाट पाहायची. मांजर आपणहून बसतं. उचलून ठेवलं तर चार पायांपैकी एक नक्की बाहेर. दर आठवड्याला त्याच दिवशी, सकाळच्या खाण्याआधी. एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, कारण शी-शू झाली की नाही एवढ्यानेही काटा हलतो. तीनचार आठवड्यांची दिशा बघून ५ टक्के कमीजास्त करायचं. ६७ ग्रॅमवर ते होतात ३ ग्रॅम, आणि हे ३ ग्रॅम वाटीने कधीच जमले नसते.

काट्यासोबत हातही लागतो. बरगड्यांवरून तळवा फिरवल्यावर त्या पातळ थराखाली सहज जाणवल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. पशुवैद्यक मांजराची अंगकाठी जोखायला ९ गुणांची पट्टी वापरतात; तिच्यावर ५ म्हणजे योग्य, आणि वरचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जादा वजन. ८ गुणांचा ६ किलोचा बोका असेल तर ६ भागिले १.३, म्हणजे त्याचं योग्य वजन सुमारे ४.६ किलो. वजन उतरवताना गणित या ४.६ वर करतात: विश्रांतीची गरज २२० किलोकॅलरी, त्याच्या ८० टक्के १७६, म्हणजे वरचे दाणे ५० ग्रॅम. आठवड्याला अर्धा ते एक टक्का या वेगाने याला सहा महिने ते वर्ष लागतं. घाई इथे धोक्याची आहे. लठ्ठ मांजराने दोनतीन दिवस खाणं सोडलं तर चरबी यकृतात साचून जीवावर बेतू शकतं, म्हणून 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजराशी करू नये. नेहमीचेच दाणे फार कमी केले की प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात, त्यामुळे एवढी कपात पशुवैद्यकाला विचारून, शक्यतो वजन उतरवण्यासाठीच्या खाण्यावर. पिल्लं, गाभण आणि दूध पाजणारी मांजरी यांना हे काहीच लागू नाही. आणि म्हातारं मांजर खाणं तेच असताना बारीक होत असेल तर खूश न होता तपासणी करा.

फीडरबद्दल. तो वजनाने नाही, चाकातल्या कप्प्याच्या मापाने सोडतो, म्हणजे पुन्हा वाटीच. '१० ग्रॅम' लावून दहा वेळा सोडवलं तर ८ पासून १३ पर्यंत आकडे आले, आणि टाकी तळाला गेल्यावर आणखी कमी. मोठे, चपटे दाणे चाकात अडकतात; दमट हवेत तेलकट चुरा भिंतीला चिकटतो आणि माप घटत जातं. म्हणून टाकीत आठवड्याचा साठा भरायचा नाही. मोजलेला एका वेळचा भागच भरायचा आणि तो सगळा बाहेर पडेल इतके वळसे लावायचे. पहाटे पाचला माणसाऐवजी यंत्राच्या मागे लागलेलं मांजर, एवढं काम तो चोख करतो. दोन मांजरांच्या घरात मात्र तो निरुपयोगी, धीट मांजर दोघांचं खातं. तिथे वेगळ्या खोल्या, वीस मिनिटं, मग वाट्या उचलायच्या. किंवा मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणारी वाटी.

काट्याची बॅटरी आठ महिन्यांत एकदाच बदलली. उतरायला लागली की चिन्ह यायच्या आधीच आकडा २-३ ग्रॅम डगमगायला लागतो, तेव्हा जास्तीची जोडी डब्याच्या झाकणालाच चिकटवून ठेवली आहे.