बाळाची पाठ आईच्या पाठीला टेकली असेल तर: ५५ सेंटीमीटरचा जिम बॉल

शेवटच्या महिन्यांत बाळ डोकं खाली, पण पाठ आईच्या मणक्याकडे करून असेल तर कंबर फार धरते. अशा वेळी खुर्चीत रेलून बसण्यापेक्षा हा बॉल नक्कीच सुखाचा. उंची साधारण पाच फूट चारपर्यंत असेल तर ५५ सेंटीमीटरचा, त्याहून जास्त असेल तर ६५चा घ्या. ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेलाच घ्या. भोक पडलं तरी तो फटकन फुटत नाही, हळूहळू बसतो.

पहिल्यांदा थोडा कमी भरा, दिवसभर ठेवा, रबर ताणलं की पुन्हा हवा भरा. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवी. तळवे पूर्ण टेकत नसतील तर हवा जास्त झाली. फरशीवर बॉल सटकतो, म्हणून खाली योगा मॅट, पाठीमागे भिंत आणि पाय अनवाणी, मोजे नकोतच. गुडघे टेकून बॉलवर छाती टाकली की पोटाचा भार पुढे जातो आणि कंबर लगेच सैलावते.

‘बाळ फिरवतो’ हा खोक्यावरचा दावा मात्र मानू नका. आराम मिळतो, बाळ फिरेलच असं नाही. रक्तस्राव झाला, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर थेट दवाखाना गाठा.