विश्रामबागला लॅपटॉप रिपेअर : पार्ट बदलायच्या आधी इथं दाखवा

सांगलीत विश्रामबागच्या आतल्या गल्लीत हे दुकान आहे, बोर्ड बारका आहे, मी पण पहिल्यांदा दोनदा पुढं गेले होते. पण कुणी मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं असेल तर पैसे द्यायच्या आधी एकदा इथं दाखवाच, माझे साडेचार हजार वाचलेत.

झालं असं की माझ्या लॅपटॉपचं वायफाय अचानक गेलं, म्हणजे चिन्हच गायब, नुसता एअरप्लेन मोड दिसायचा. दुसऱ्या एका दुकानात नेला तर उघडून न बघताच मदरबोर्डचं काम आहे म्हणाले. माझे क्लास ऑनलाइन चालतात, मला रडूच यायला लागलं. इथल्या दादांनी आधी विचारलं बिटलॉकरची (म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की आहे का, कारण बूट सेटिंग हलवलं की कधी कधी ती मागते आणि नसली तर सगळा डेटा अडकतो. माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ती सापडली. मग त्यांनी उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स सिस्टीमचा पेनड्राइव्ह लावला, काही इन्स्टॉल न करता त्याच्यावरनंच मशीन चालू केलं आणि वायफायची अख्खी यादी समोर, शेजारच्या बेकरीचं नेटवर्क सगळ्यात वर! "कार्ड चांगलं हाय ताई, विंडोजचा ड्रायव्हर गंडलाय, उगं पैसे कशाला घालवताय." ड्रायव्हर म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम.

परत विंडोज लावून डिव्हाइस मॅनेजर उघडला तर तिथं पिवळा त्रिकोण आणि कोड 10, म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही. भावानं ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारं कसलंतरी ॲप टाकलं होतं त्यानं भलताच ड्रायव्हर बसवला होता. तो फायलींसकट काढला, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरनं आमच्याच मॉडेलचा घेऊन टाकला, अर्ध्या तासात काम झालं, 400 रुपये घेतले. आणि एक गोष्ट सांगितली ती मला माहीतच नव्हती, फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन करून पण विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळं ड्रायव्हरचा घोळ असेल तर रिस्टार्टच करायचं.

हा अनुभव आला म्हणून पप्पांचा अडतीवरचा जुना पीसी पण नेला. चालू केला की नुसता बीप बीप, स्क्रीन काळी. कॅबिनेट उघडलं तर आत हळदीच्या धुरळ्याचा थर, फॅनची पाती पिवळीधमक! ब्लोअर मारला, रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरनं घासले, परत बसवली आणि डिस्प्ले आला. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्या प्रोसेसरला चालत नाही, म्हणून लिनक्स मिंट (उबुंटूसारखीच सिस्टीम) टाकू का म्हणाले, पण आधी हिशोबाचं टॅली लागतं का ते विचारलं, ते विंडोजवरचं आहे, लागत असेल तर मिंट टाकू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. पप्पांची टॅली आता नव्या मशीनवर आहे म्हणून टाकलं. लेझर प्रिंटर मात्र दोन दिवस हलेना, त्याच्यात फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) साठवायची सोयच नाही, दरवेळी चालू केला की कॉम्प्युटरनं ते पाठवावं लागतं, त्याचं वेगळं प्लगिन टाकल्यावर मराठी पत्रं झकास निघायला लागली.

गर्दी असते, दोन दिवस म्हणाले की चार धरा, मॅकबुक घेत नाहीत. जाताना चार्जर न्या आणि बिटलॉकरची की घरूनच लिहून न्या.