अंदमानच्या ‘परमिट’चे पैसे कुणालाही देऊ नका

नागपुरातल्या ट्रेकिंग आणि बाइक ग्रुपांवर अंदमानच्या स्वस्त रोड ट्रिपची एक जाहिरात फिरतेय. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) गाडी ताब्यात घ्यायची, स्वतः चालवत पार उत्तरेच्या दिगलीपूरपर्यंत जायचं, मध्ये बोटीने हॅवलॉक बेटावर जाऊन यायचं, माणशी चौदा हजार. आम्ही चौघा मित्रांनी हीच ट्रिप घेतली आणि पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितोय.

माणूस बोलायला गोड. धरमपेठेत चहा पाजून भेटला, नकाशा उघडून दाखवला. पैसे मात्र दर वेळी वेगळ्या नावाच्या यूपीआयवर मागायचा. विचारलं की म्हणे, “कायले टेन्शन घेता भाऊ, अकाउंटंटचा नंबर आहे तो.” आधी अर्धी रक्कम गेली. मग ‘आयलंड परमिट’चे माणशी अठराशे. इथेच खरी मेख आहे. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक (आता स्वराज द्वीप), नील, दिगलीपूर इथे जायला भारतीय नागरिकाला परमिट लागतच नाही. ते लागतं निकोबारला आणि आदिवासींच्या राखीव क्षेत्रात. त्याने आम्हाला शिक्का मारलेला, अशोकस्तंभ छापलेला कागद पाठवला होता. सरकारी चिन्ह दिसलं की आपण पुढे विचारत नाही, हे अशा लोकांना पक्कं ठाऊक असतं.

जीटी एक्स्प्रेसने चेन्नई आणि तिथून विमान, ही तिकिटं आमची आम्ही काढली होती. तेवढीच खरी निघाली. चेन्नई विमानतळावर त्याचा फोन, “गाडीचं डिपॉझिट आत्ता टाका, नाहीतर गाडी दुसऱ्याला जाते.” नऊ हजार टाकले. पोर्ट ब्लेअरला उतरलो तर गाडी नाही, फोन बंद.

हॅवलॉकच्या बोटीची त्याने पाठवलेली तिकिटं पोर्ट ब्लेअरच्या हॅडो जेट्टीवर दाखवली. चौघांची नावं बरोबर, तारीख बरोबर, बोटीचं नावही बरोबर. खिडकीतल्या मुलीने क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आणि कधीचीच उलटून गेलेली तारीख. दुसऱ्या तिकिटावर तेच, तिसऱ्यावरही तेच. कुणाचं तरी जुनं तिकीट घेऊन वरची नावं बदलली होती. तिने तिकिटं हळूच परत सरकवली. असे लोक तिच्याकडे नेहमी येत असावेत.

तिथूनच 1930 ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे त्या दिवशीचे नऊ हजार गोठवले गेले, ते परत मिळवण्याची खटपट चालू आहे. आधीचे पैसे केव्हाच काढले गेले होते. नागपुरात परतल्यावर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रारही दिली.

दिगलीपूरला आम्ही सरकारी बसने गेलो. रस्ता तोच, अंदमान ट्रंक रोड, आणि भाडं अगदी किरकोळ. जिरकाटांगच्या नाक्यापासून जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं, तिथे वाहनं पोलीस बंदोबस्तात ताफ्यानेच सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे मिडल स्ट्रेट या खाडीवर अख्खी बस बोटीवर चढते. “वाटेल तिथे गाडी थांबवा, फोटो काढा” असं आम्हाला नकाशावर बोट ठेवून सांगणाऱ्या माणसाने हा रस्ता पाहिलाच नव्हता.

तिथे स्वतः चालवायला गाडी घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर ते बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बोटीचं तिकीट बोट कंपनीच्या किंवा सरकारी जहाज सेवेच्या खिडकीवरून किंवा त्यांच्याच साइटवरून घ्या.

हा माणूस आता नव्या नंबराने, दर आणखी कमी करून तीच जाहिरात टाकतोय. तुमच्या ग्रुपवर दिसली तर स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआय आयडी जपून ठेवा आणि सायबर पोलिसांना द्या. आमच्या तक्रारीला त्याचा आधार होईल.