होंडा सिटी (चौथी पिढी, पेट्रोल, मॅन्युअल): १,९४,००० किलोमीटरनंतर

रात्री पावणेदोनला कोरेगावहून फोन आला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सिझेरियन घ्यावं लागतंय, बाळाचे ठोके कमी होताहेत. निघालात का?" घराच्या पायऱ्या उतरताना अशा वेळी माझ्या मनात एकच गोष्ट असते: गाडी एका सेल्फला चालू व्हावी. झाली. डिसेंबरचे दिवस होते. माहुलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं रस्त्यावर चढलं होतं आणि पुलापलीकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागोमाग चाललेले, काहींना मागे साधा रिफ्लेक्टरही नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसला की तिसरा गिअर, पाय दाबायचा, पुढे जायचं, परत आपल्या बाजूला यायचं. पंचवीस मिनिटांत मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. स्पायनल (पाठीतून कमरेखालची भूल) दिलं, बाळ रडलं. परत येताना जरंडेश्वराच्या डोंगरामागे उजाडायला लागलं होतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही. साताऱ्यात राहते आणि बोलावणं येईल तिथे जाते. कोरेगाव वीस किलोमीटर, वाई पस्तीस, कराड पन्नासच्या वर, फलटण पासष्ट. कधी एकाच दिवशी सकाळी कराड, दुपारी वाई आणि रात्री पुन्हा कराड. वर्षाला अडतीस हजार किलोमीटर सहज होतात. माझ्यासारखं रनिंग असलेल्या बऱ्याच जणांना वाटतं की आता मजेची गाडी विसरायची, ॲव्हरेज देणारं काहीतरी घ्यायचं. मला तसं वाटत नाही. दिवसाचे तीन-चार तास मी जिथे बसते ती जागा मला आवडलीच पाहिजे. थकलेल्या माणसाला जी गाडी जागं ठेवते, ती चैनीची वस्तू नाही.

ही गाडी मी नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी घेतली. २०१८ चं व्ही मॉडेल, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, ३१,००० किलोमीटर चाललेली, ७ लाख ८० हजारांना. आज मीटरवर १,९४,००० आहेत.

तेव्हा मी पाच गाड्या चालवून बघितल्या आणि प्रत्येक गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. सातारकरांना ठाऊक आहे, बोगद्यातून कासच्या दिशेनं निघालं की गावातून थेट चढच लागतो. आखूड वळणं, समोरून येणारी पर्यटकांची वाहनं, मध्येच एखादी म्हैस. गाडीचा स्वभाव तिथे दहा मिनिटांत कळतो. शोरूमवाले सपाट रस्त्यावर फेरी मारून आणतात, त्यातून काही समजत नाही.

स्पोर्टी गाडी म्हणजे काय, हे माझ्या मनात तिथेच पक्कं झालं, आणि ते माझ्या कामातून आलेलं आहे. भूल देताना औषध एकदम ढकलत नाहीत. थोडं द्यायचं, रुग्णाकडे बघायचं, मग आणखी थोडं. त्यासाठी एक गोष्ट लागते: जेवढं दिलं तेवढाच परिणाम व्हायला हवा, आणि दर वेळी तोच. उशिरा येऊन मग एकदम चढणारं औषध कितीही ताकदीचं असलं तरी हातात धरताना भीती वाटते. सिटीचं दीड लिटरचं आय-व्हीटेक इंजिन मला म्हणून आवडलं. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) नाही. पाय एक सूत दाबला तर एक सूत ओढ वाढते, दोन सूत दाबला तर दोन. कंपनीचे आकडे ११९ पीएस ताकद आणि १४५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, असे आहेत, पण महत्त्वाचं हे की पूर्ण ताकद ६६०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि सगळा टॉर्क ४६०० ला येतो. म्हणजे खाली इंजिन मवाळ आहे आणि वर चढत गेलं की खुलतं. व्हॉल्व्ह किती उघडायचे हे इंजिनाच्या वेगाप्रमाणे बदलतं, त्यामुळे एकाच इंजिनात दोन स्वभाव मिळतात: गावातून जाताना शांत आणि ओव्हरटेकला धारदार.

याचा दुसरा अर्थ असा की ही गाडी गिअर मागते. चौथ्यात चाळीसच्या वेगानं घाट चढवायचा आळस केलात तर ती रडत चढेल. तिसरा टाका, वेळ पडली तर दुसरा टाका, इंजिन चार हजारांच्या पुढे जाऊ द्या. पहिल्यांदा माझ्या शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अगं, किती ओरडतंय, वरचा गिअर टाक." ते ओरडणं नाही, ते इंजिन जिथे काम करायचं तिथे करतंय, हे मी त्यांना सांगितलं. गिअरचा दांडा आखूड फिरतो, क्लच हलका आहे, आणि दिवसात तीनशे वेळा गिअर टाकला तरी मनगट दुखत नाही. रविवारी काम नसेल तर मी पहाटे पसरणीच्या घाटानं पाचगणीला जाऊन चहा पिऊन परत येते. आठवडाभर एवढी गाडी चालवून झाल्यावरही मला हे करावंसं वाटतं.

बाकीच्या गाड्यांपैकी एकही वाईट नव्हती. त्यातल्या एकीबद्दल सांगते. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो तेव्हा नव्या १.० टीएसआय इंजिनात आली होती: ११० पीएस, १७५ न्यूटन मीटर. हायवेवर ती सिटीपेक्षा कमी श्रमात पळते आणि स्टिअरिंगचं वजन तर मला सगळ्यांत जास्त आवडलं. २०२२ मध्ये ती भारतात बंद झाली याचं मला खरंच वाईट वाटलं. पण घाटात आखूड वळणातून बाहेर पडताना टर्बोची ओढ यायला जो अर्धा क्षण लागतो, तो माझ्या पायाला पटला नाही. शिवाय माझ्या सामानाला तिची डिकी लहान. ॲम्बू बॅग, लॅरिंगोस्कोपची पेटी, औषधांचा डबा, लहान मॉनिटर, सिरिंज पंप आणि एक जास्तीचा सिलिंडर, एवढं घेऊन मी फिरते. सिटीच्या ५१० लिटरच्या डिकीत हे बसून वर बाजारहाटही मावतो, आणि डिकी वेगळी असल्यामुळे ब्रेक मारला तरी पेटी पुढे डोक्यावर येत नाही.

"एवढं रनिंग आणि पेट्रोल? डोकं फिरलंय का तुझं?" हे मला नवऱ्यापासून मेडिकल दुकानदारापर्यंत सगळ्यांनी विचारलं. हिशेब मी केला होता. माझं ॲव्हरेज सगळं मिळून सोळा पडतं. नुसत्या हायवेला साडेसतरापर्यंत जातं, म्हणजे कंपनीच्या १७.४ च्या आसपासच. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला अडीच लाख रुपये होतात. याच सिटीची डिझेल असती तर एकवीसच्या ॲव्हरेजनं साधारण ऐंशी हजार वाचले असते. ही रक्कम लहान नाही. पण डिझेलचा २०० न्यूटन मीटर टॉर्क १७५० आरपीएमलाच येऊन उभा राहतो, नाकावर वजन जास्त, आणि वर इंजिन फिरवण्यात गोडी नाही. ज्याला रोज सातारा-पुणे सरळ जाऊन यायचंय त्यानं डिझेल घेतली तर मी त्याला हुशारच म्हणेन. माझे रस्ते निराळे आहेत आणि ऐंशी हजारांना मी काय विकत घेतेय ते मला माहीत होतं.

जुनी गाडी घेताना मी एकदा फसता फसता वाचले, तेही सांगायला हवं. पुण्यात एका विक्रेत्याकडे लाल हॅचबॅक बघितली, मीटरवर २८,००० किलोमीटर. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगवर घासून आलेली चमक. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. गाडी २०१५ ची आणि चारही टायर २०१८ चे. अठ्ठावीस हजारांत चारही टायर कोण बदलतं? गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढली, तर वर्षभरापूर्वीच ७१,००० ची नोंद. मी तिथून निघाले. सिटीच्या बाबतीत तिच्या पहिल्या मालकानं प्रत्येक सर्व्हिसचं बिल एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. त्या फाइलसाठी मी वीस हजार जास्त मोजले आणि अजूनही मोजेन.

आता देखभाल. कंपनी दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते, म्हणजे माझी सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी. ०डब्ल्यू-२० ऑइल आणि फिल्टर, यात मी कधी चालढकल केली नाही. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे लाख किलोमीटरच्या आसपास येणारा बेल्टचा मोठा खर्च नाही. मात्र एक काम आहे जे बरेच जण विसरतात: टॅपेट. या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, हातानं सेट करावे लागतात. आमचे मिस्त्री दर चाळीस हजार किलोमीटरला इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, हे काम करतात. ज्यांना ते तासाभरात उरकायचंय त्यांच्याकडे देऊ नका. पुढचे ब्रेक पॅड दोनदा बदलले, क्लच १,३८,००० किलोमीटरला, बॅटरी एकदा, टायर पंचेचाळीस हजार किलोमीटरला एक सेट. मूळ मापाऐवजी मी १८५/६० आर १५ टायर बसवले. व्यास जवळपास तोच राहतो आणि घाटात पकड सुधारते. एवढ्या वर्षांत या गाडीनं मला रस्त्यात एकदाही उभं केलेलं नाही. एकदाही. माझ्या कामात या शब्दाची किंमत काय आहे, हे फोनच्या पलीकडे वाट बघणाऱ्या सिस्टरना विचारा.

एका वर्कशॉपनं मला इंजिन डीकार्ब (आत साचलेला कार्बन काढणं), एसीचं निर्जंतुकीकरण आणि आणखी दोन-तीन गोष्टी लिहून ९,४०० रुपयांचा अंदाज दिला होता. मी विचारलं, तक्रार काय आहे? ओढ कमी झालीय का, ॲव्हरेज पडलंय का? उत्तर नव्हतं. लक्षण नसताना औषध मी माझ्या रुग्णाला देत नाही, गाडीला कशाला देऊ? फक्त ऑइल करून घेतलं आणि त्यानंतर गाडी आमच्या मिस्त्रींकडेच जाते.

ही गाडी घ्यायची असेल तर काही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे. आमच्याकडे गावागावात पांढरे पट्टे नसलेले, टेकडीसारखे स्पीडब्रेकर आहेत. चौघं बसलेली असतील तर तिरकी घालूनच न्यावी लागते. बैठक खाली आहे. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, त्यांना उतरताना मी हात देते. मागे ड्रम ब्रेक आहेत. या पिढीत ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) नाही, ते पाचव्या पिढीत आलं. सुरक्षेबाबत एक गोष्ट मला नंतर कळली: एप्रिल २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं या पिढीच्या सिटीला पाचपैकी चार तारे दिले. २०१७ पासूनच्या सगळ्याच मॉडेलांना दोन एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहेत.

रात्रीचा प्रवास जास्त असेल तर माझ्यासारखं व्ही घेऊ नका, झेडएक्स हे सगळ्यांत वरचं मॉडेल शोधा. व्हीला हॅलोजन दिवे आहेत. एलईडी हेडलॅम्प आणि सहा एअरबॅग झेडएक्सला. अडचण अशी की पेट्रोल झेडएक्स आधी फक्त सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये मिळायची, मॅन्युअल २०१९ मध्ये आली. म्हणून २०१९ नंतरची पेट्रोल मॅन्युअल झेडएक्स दिसली आणि फाइल व्यवस्थित असेल, तर घासाघीस फार करू नका. तिला सोळा इंची चाकं आहेत, खड्ड्यात थोडी कडक लागतात. तेवढं मी सोसलं असतं.

नवीनच घ्यायची असेल तर पाचव्या पिढीची सहा गिअरची सिटी आहे, १२१ पीएस. मैत्रिणीची चालवली, जास्त शांत, जास्त रुंद, आणि सहाव्या गिअरमुळे हायवेला इंजिन निवांत फिरतं. ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाइनही एकदा चालवा. टर्बो आहे, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि तुमच्या पायाला कदाचित तो अर्धा क्षण टोचणारही नाही. फक्त मोकळ्या रस्त्यावर नको, जवळच्या घाटात न्या, दोन्ही बाजूंनी चढा-उतरा आणि उतरताना ब्रेकवर नाही तर गिअरवर उतरून बघा.

माझी सध्या बदलायची इच्छा नाही. दोन लाख किलोमीटरची सर्व्हिस मेच्या आसपास येईल. त्यात पुन्हा टॅपेट, गिअरबॉक्सचं ऑइल आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश आहेत. मिस्त्रींना सांगून ठेवलंय की गाडी आदल्या रात्री आणून लावते, पण त्या रात्री फोन आला तर पहाटे परत घ्यायला येईन.