काझीरंगा की माजुली? ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले चार-पाच दिवस

आसामला जायचं म्हटलं की काझीरंगा आपोआप ठरतं. मग कुणीतरी माजुलीचं नाव काढतं आणि घोळ सुरू होतो. सुट्टी चार-पाच दिवसांची, त्यातले दोन येण्याजाण्यात जाणार. नकाशात दोन्ही ठिकाणं जवळजवळ दिसतात, तेव्हा ‘दोन्ही उरकून घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण मध्ये ब्रह्मपुत्रा आहे, आणि ती ओलांडायची तर बोटीच्या वेळा पाळाव्या लागतात. म्हणून आधी एकाची निवड करावी, दुसऱ्याला उरलेला वेळ द्यावा.

निसर्ग हवा तर काझीरंगा, संस्कृती हवी तर माजुली, अशी वाटणी सगळे करतात. मला ती पटत नाही. दोन्ही जागा एकाच पुराने घडवल्या आहेत. तिबेटातून डोंगर फोडत आलेली ही नदी आसामात सपाटीला लागते, तिचा वेग मोडतो आणि बरोबर आणलेला गाळ ती वाटेत टाकत जाते. मग स्वतःच टाकलेल्या गाळाला वळसे घालत दहा फाटे फोडते. काही ठिकाणी तिचं पात्र दहा किलोमीटरहूनही रुंद आहे. आपल्याकडच्या नद्यांना कातळाचे काठ असतात, त्यामुळे काठ कायमचा असतो हे आपण गृहीत धरतो. तिथे काठ दर पावसाळ्यात सरकतो. फरक इतकाच, की काझीरंग्यात पुराची कमाई दिसते आणि माजुलीत त्या पुरासोबत संसार करणारी माणसं.

काझीरंगा आहे नदीच्या दक्षिण काठाला. १९०५ साली जंगल राखायची सुरुवात झाली, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अगदी मोजके गेंडे उरले होते. २०२२ च्या गणतीत ते २,६१३ भरले. त्यामुळे ‘गेंडा दिसेल का’ हा प्रश्न इथे फारसा पडत नाही, ‘किती जवळून’ एवढाच उरतो. ताडोब्यात वाघासाठी जीव टांगणीला लावून बसायची सवय असलेल्या माणसाला हे जरा चुकल्यासारखं वाटेल. जीप वळणावर येते आणि समोर चिखलाने माखलेलं जनावर निवांत चरत असतं, आपल्याकडे ढुंकूनही न बघता. रानरेडे, बारशिंगे, हत्ती, पाणमांजरं, सगळं एकाच फेरीत पदरात पडू शकतं. वाघही भरपूर आहेत, पण हत्ती बुडेल एवढ्या गवतात ते दिसतील याची आशा धरू नका.

हे गवत आणि ‘बील’ म्हणतात ती उथळ तळी, हेच इथलं खरं भांडवल. पूर आला की बिलांतली जलपर्णी वाहून जाते, मासे येतात, ताजा गाळ बसतो. पूर आला नाही तर कुरणांवर झाडोरा चढेल आणि गेंड्याचं घरच जाईल. त्याच पुरात जनावरं बुडूनही मरतात. जी वाचतात ती दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धाव घेतात, आणि नेमका मध्ये राष्ट्रीय महामार्ग आडवा येतो. पावसाळ्यात तिथे गाड्यांना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घालतात ती याचसाठी. हा रस्ता तुम्हीही वापरणार आहात, तेव्हा चालकाला घाई करायला लावू नका.

उद्यानाचे विभाग सारखे नाहीत, आणि हे आरक्षण करण्याआधी माहीत हवं. एकच फेरी घेणार असाल आणि गेंडेच बघायचे असतील तर बागोरी. पक्ष्यांसाठी पूर्वेचा अगोराटोली, तिथल्या सोहोला बिलावर पेलिकन असतात. कोहोरा मधला, सगळ्यात सोयीचा आणि म्हणूनच सगळ्यात गर्दीचा. हत्तीवरून भल्या पहाटे फेरी मारता येते. मी स्वतः जीपच निवडेन, शांत बसून बघायला जीप बरी.

आता माजुली. जोरहाटजवळच्या निमाती घाटावर बोटीत बसायचं, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, शाळामास्तर, एखादी चारचाकी, सगळं एकत्र. तासभराने कमलाबारीच्या घाटाला उतरायचं. बेट आहे हे आधी लक्षातच येत नाही, कारण सगळीकडे सपाट शेतं आणि बांबूची बनं. २०१६ मध्ये माजुलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. नदीतलं बेट जिल्हा होण्याची देशातली ही पहिलीच वेळ.

इथला वारसा म्हणजे ‘सत्र’, वैष्णवांचे मठ. श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांनी नामधर्म रुजवला. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. नाम घ्यायचं, कीर्तन करायचं, जात बाजूला ठेवायची, हे सगळं आपल्या एकनाथांच्या काळाच्या आगेमागेच तिकडे चाललं होतं. नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, मात्र मूर्ती शोधू नका. आसनावर पोथी असते आणि नमस्कार तिला. औनीआटी सत्र १६५३ सालचं. तिथले भकत, म्हणजे सत्रात राहणारे भक्त, ब्रह्मचारी, लहानपणी सत्रात आलेले. २००० साली शास्त्रीय नृत्याचा दर्जा मिळालेलं सत्रीया नृत्य याच आवारांत शतकानुशतकं टिकलं. सामगुरी सत्रात मुखवटे होतात. बांबूच्या सांगाड्यावर कापड, माती आणि शेण लिंपून केलेले हे रावण-पूतना ‘भाओना’ नावाच्या नाटकांत वावरतात. काहींचे जबडे हलतात. मुलं बरोबर असतील तर इथे तास सहज जातो.

सत्रांच्या पलीकडेही माजुली आहे, आणि मला तीच जास्त आवडते. मिसिंग या आदिवासी जमातीची ‘चांग घर’ म्हणजे खांबांवर उचललेली घरं. पुराचं पाणी खालून जातं, एरवी तिथेच डुकरं-कोंबड्या आणि हातमाग. सालमोरात कुंभार आहेत, पण चाक नाही. काठावरची माती खणून भांडी हाताने घडवतात. आणि काठ? शतकभरापूर्वी हे बेट बाराशे चौरस किलोमीटरांहून मोठं होतं, आज निम्मंही उरलेलं नाही. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात वरच्या भागातले डोंगर ढासळले, तो गाळ नदीत आला, तळ वर चढला आणि तिने काठ कापायचा सपाटा लावला. कित्येक सत्रांना पलीकडच्या भूमीवर मुक्काम हलवावा लागला. सायकल घेऊन नदीच्या कडेला जा. अर्धवट तुटलेला रस्ता हवेत संपलेला दिसेल.

निवडताना मात्र काही व्यवहार बघावे लागतात. काझीरंग्यात वेळापत्रक दुसऱ्याचं: सकाळची फेरी, दुपारची फेरी, मधल्या वेळेत हॉटेल. घरचे वयस्कर लोक असतील तर हेच सोपं, गाडी दारात येते आणि फारसं चालणं नाही. माजुलीत वेळ तुमचा, पण तो रिकामा असतो. ‘तिथे बघण्यासारखं काय आहे’ असं विचारणारा माणूस बरोबर असेल तर माजुलीला नेऊ नका, दोघांचाही दिवस खराब होईल. माजुलीला एका दिवसात जाऊन येणं हा तर सगळ्यात वाईट पर्याय. अर्धा दिवस घाटावर आणि बोटीत जातो, उरलेल्यात तीन सत्रं धावत बघायची.

ऋतूचंही तसंच. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. सुरुवातीला गवत उंच, जनावरं लपतात. गवत जाळून झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, नजर लांब पोचते. माजुलीसाठी कार्तिक पौर्णिमेचा रास उत्सव गाठता आला तर उत्तम, फक्त खोली खूप आधी बघा. हिवाळ्यात बेटाच्या पाणथळींवर पट्टकादंब आणि चक्रवाक हे पाहुणे पक्षी उतरतात, म्हणजे माजुलीला गेलात म्हणून निसर्ग हुकला असं होत नाही. गेंडा तेवढा हुकेल.

एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणारे हमखास विसरतात. घड्याळ तेच असलं तरी सूर्य तिथे फार लवकर मावळतो. डिसेंबरात साडेचारला अंधारायला लागतं. चहाचे मळे तर स्वतःचं घड्याळ तासभर पुढेच ठेवतात, ‘बागान टाइम’. त्यामुळे ‘संध्याकाळी पोचू’ हा आपला हिशेब तिथे रात्रीचा ठरतो, आणि रात्री निमातीहून बोट नसते. नदीला पाणी चढलं तर दिवसाही बंद ठेवतात.

तिसरा पर्यायही आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. इतिहासाचं वेड असेल तर जोरहाटहून दीड-दोन तासांवर शिवसागर. आहोम राजघराण्याने सहाशे वर्षं या खोऱ्यावर राज्य केलं, १२२८ ते १८२६. खेळ बघायला बांधलेलं रंगघर, तलातल घर हा राजवाडा, आहोम राणी अंबिकेच्या काळातलं शिवडोल हे शिवमंदिर आणि त्याच्या शेजारचा विस्तीर्ण तलाव हे सगळं तिथे आहे, आणि थोडं पुढे चराईदेवचे ‘मैदाम’, म्हणजे राजांच्या समाध्यांवरचे मातीचे गोल उंचवटे. २०२४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. आधी थोडं वाचून गेलात तर रंगेल, नाहीतर ते हिरवे ढिगारेच वाटतील.

चार रात्री असतील आणि पहिलीच खेप असेल तर माझं मत असं: दोन रात्री कोहोरा, पहिल्या दिवशी बागोरी, दुसऱ्या दिवशी अगोराटोली. मग जोरहाटवरून सकाळची बोट धरून दोन रात्री माजुली. गुवाहाटीला उतरा, परत जोरहाटहून निघा, म्हणजे तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. तीनच रात्री असतील तर जोडकाम करू नका. मुलं-आजीआजोबा असतील तर काझीरंगा, आणि परतीचं विमान जोरहाटहून असेल तर जोरहाटजवळच्या हुलोंगापार अभयारण्याला सकाळ द्या. जेमतेम वीस-एकवीस चौरस किलोमीटरचं ते जंगल चहाच्या मळ्यांनी वेढलेलं आहे आणि मधून रेल्वे जाते, तरी हुलॉक गिबन हे बिनशेपटीचे वानर तिथे आहेत. दोघंच असाल आणि गेंडा आयुष्यात नंतर कधीतरी बघता येईल असं वाटत असेल तर तिन्ही रात्री माजुली. गेंडे वाढताहेत. बेट कमी होतंय.